भिजलेल्या छत्र्यांचा उतारा

नळ खाकरला.

रविवारच्या दुपारी साऱ्या चाळीचा डोळा लागलेला असताना तो आवाज, ओटीवर बसून एखाद्या म्हाताऱ्यानं घसा साफ करावा तसा खोलीत उमटला, आणि सगुणाच्या ओठांवरचं इंग्रजी वाक्य मधेच तुटलं. जनीची मूठ तिच्या पदरात अडकली होती. एकेक बोट उकलून सगुणानं पदर सोडवला, लेकीच्या मुठीत उशीच्या अभ्र्याचं टोक दिलं आणि ती मोरीकडे धावली. डोंबिवलीत पाणी कुणासाठी थांबत नाही. नळानं आधी नुसतीच हवा सोडली, मग एक गढूळ चूळ टाकली, मग कुठं करंगळीएवढी धार लागली. धारेखाली हंडा सरकवून सगुणा उकिडवी बसली आणि तुटलेलं वाक्य तिनं पुन्हा पहिल्या शब्दापासून उचललं. मधून उचलायला गेलं तर ते हातालाच लागत नसे.

"कसला जप चाललाय?" सहदेव म्हणाला. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. रंगाची कंपनी बंद पडल्यापासून दुपारी झोपेचं सोंग घ्यायची त्याला सवय लागली होती. म्हणजे कुणाशी बोलावं लागत नसे. कंपनी चालू होती तेव्हा त्याच्या नखांत जांभळा रंग कायमचा बसलेला असायचा. साबणाला, रॉकेलला, लिंबाला, कशालाच दाद द्यायचा नाही. आता नखं स्वच्छ होती. सगुणाला ती बघवत नसत.

"परीक्षेचं आहे. आली ना जवळ."

"काल गोविंदा भेटलेला. गावाहून आलाय तो." सहदेव म्हणाला. "आईचा निरोप आहे. म्हणते, गणपतीला या आणि पोरीला ठेवूनच जा. शाळेत मी घालते म्हणते."

"आणि आपण?"

"आपण काय? खोली सोडायची. तू भावाकडे जा मोहन्याला. मला नाथा देईल गॅरेजात झोपायला. एकट्याचं काय, कुठंपण होतं."

हे सगळं त्यानं भिंतीलाच सांगितलं.

"अहो, मी कायम झाले की खोली राहते. पोरगी आपल्यापाशी राहते. साहेबांनी सगळ्यांच्या समोर सांगितलंय."

"आणि नाय झालीस तर?"

हंडा भरून वाहू लागला होता. सगुणानं तो ओढून घेतला, कळशी लावली आणि ती पुन्हा पुटपुटू लागली. पहिल्या शब्दापासून.

माजिवड्याच्या नाक्याजवळच्या एका ऑफिसात ती टाइपिस्ट होती, टेम्पररी. कंपनी पाइपांचे जोड बनवून परदेशी धाडायची. त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, ऑफिसात टेलेक्सच्या जागी फॅक्स आला आणि फॅक्सच्या मागोमाग नवे साहेब आले. परदेशातून आलेलं पत्र वाचून त्याचा मतलब दोन ओळींत सांगेल तीच बाई ठेवायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. टेम्पररी दोघी होत्या: सगुणा आणि कोपरची विमल. विलायतेच्या कुठल्याशा बोर्डाची व्यापारी इंग्रजीची परीक्षा होती, तिच्यात उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं लिहायचा पेपर असायचा. "पास झालात तर कायम," साहेब म्हणाले. "दोघी झालात तर दोघी. नाहीतर मग गणपतीपर्यंत या, त्यानंतर नमस्कार." माणूस वाईट नव्हता. नमस्कार म्हणताना त्यानं खरोखरच हात जोडले.

फडके रोडच्या मागच्या गल्लीत ओगले सर या परीक्षेचा क्लास घेत. बाहेरच्या खोलीत सतरंजी, सतरंजीवर सहा-सात बायका, आणि झोपाळ्यावर सर. मुंबईच्या एका इंग्रज कंपनीत स्टेनो म्हणून लागले नि तिथूनच निवृत्त झाले. अजून घरातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून बसत. त्यांची शिकवण्याची रीत त्यांच्या वडिलांची होती, आणि वडिलांना ती त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती. फरक इतकाच की आजोबा पाठशाळेत वेद सांगत आणि नातू कमर्शियल इंग्लिश. सर झोपाळ्याच्या लयीत एक ओळ म्हणत, बायका ती मागून म्हणत. मग दोन ओळी. मग अख्खा उतारा. मग उत्तरं.

"बोर्ड आळशी आहे," सर सांगत. "तेच उतारे फिरून फिरून घालतं. माझ्याकडे सगळे आहेत. तुम्ही फक्त उतारा ओळखायचा. पहिली ओळ वाचली, ओळख पटली, की पेन उचलायचं. पहिल्याचं उत्तर, दुसऱ्याचं उत्तर, तिसऱ्याचं उत्तर. विचार करायला थांबलात की गाडं घसरलं."

सरांचे प्रश्न असे नुसत्या आकड्यांनी ओळखले जात. सर झोपाळ्यावरून "तिसरं!" म्हणाले की सतरंजीवरून तिसरं उत्तर एका सुरात उठे. शेजारपाजारचे लोक म्हणत, ओगल्यांकडे रोज संध्याकाळी आरती असते.

विमलला मात्र ही आरती काही केल्या चढेना. ती आगऱ्यांची, आवाज खणखणीत, हसू त्याहून मोठं. भिजलेल्या छत्र्यांचा उतारा पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिनं तोंडात पदर कोंबला होता. उताऱ्यात एका दुकानदारानं छत्र्या मागवलेल्या असतात. कारखाना त्या जहाजानं पाठवतो. वाटेत खोक्यांत खारं पाणी शिरतं, काड्या गंजतात, आणि मग दुकानदार नि कारखानदार एकमेकांना फार सभ्य पत्रं लिहितात.

"काय गो बाय!" विमल कुजबुजली. "छत्र्या भिजल्या म्हणून रडतंय त्यो? भिजायलाच असतात ना छत्र्या?"

सगुणाला हसू आवरेना. सरांनी झोपाळा थांबवला.

"सगुणाबाई, तुम्हीसुद्धा?"

"नाही सर. म्हणजे... सर, एक विचारू? कारखान्यानं किंमत कमी करतो म्हटलं, तरी दुकानदार नको का म्हणतो?"

सरांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं. "बाई, ते विचारलेलं नाही. जे विचारलेलं नाही ते डोक्यात घेतलं की विचारलेलं सांडतं. तुमचं पाठांतर माझ्या क्लासात सगळ्यांत चांगलं आहे. ते नासवू नका."

शाळेत असताना इंग्रजीच्या बाई सगुणाला शेवटच्या बाकावर बसवत. सगळ्यांत चांगलं, असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घरी जाताना तिला रस्त्यावरची गर्दी लागलीच नाही.

मग तिनं वेळ चोरायला सुरुवात केली. कणिक मळताना एक उतारा, जनीला आंघोळ घालताना दुसरा. ठाण्याहून माजिवड्याला जाणाऱ्या बसच्या रांगेत तिचे ओठ हलताना बघून एका म्हातारीनं तिला विचारलं होतं, "कुठल्या महाराजांचं करतेस गं?" छत्र्यांचा उतारा तर जनीलाच पाठ झाला. अर्थ अर्थातच नाही, नुसती चाल. पोरगी बाहुलीला थोपटत "वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू" म्हणायची आणि सहदेवसुद्धा कधी नव्हे तो हसायचा.

"पण आई, त्यात काय झालं सांग ना," एका सकाळी वेणी घालून घेताना जनी म्हणाली. "गोष्ट सांग."

सगुणानं सांगितली. दुकानदाराला तिनं टक्कल दिलं, कारखानदाराला मिशा दिल्या. कारखान्यात पत्र लिहायला एक बाई होती असं स्वतःच्या मनानं घातलं. किंमत कमी करतो म्हटल्यावर दुकानदार नको का म्हणाला, तेही सांगता सांगता तिचं तिलाच उमगलं. "अगं, त्याचं गिऱ्हाईक ठरलेलं ना! स्वस्तात दिली तरी गंजलेली छत्री त्यांच्या हातात कशी द्यायची? उद्या ती फाटली की लोक कारखान्याला नाही, त्याला नावं ठेवणार."

"मग त्या गंजलेल्यांचं काय?"

"मी असते ना, तर गोड्या पाण्यानं धुऊन वाळवल्या असत्या, काड्यांना खोबरेलाचा बोळा फिरवला असता, आणि बांधकामावर पाट्या टाकणाऱ्या बायकांना देऊन टाकल्या असत्या. त्यांना कुठं मिरवायचंय? डोकं झाकलं की झालं."

जनीला ते पटलं. वेणीचं टोक तोंडात धरून ती बराच वेळ छत्र्या वाटत बसली होती.

परीक्षा ठाण्याच्या एका शाळेत होती, एप्रिलच्या काहिलीत. बाकं लहान मुलांची, गुडघे वर टेकत होते. सगुणानं नवं पेन आणलं होतं आणि जुनं जोडीला घेतलं होतं. हाताला इतका घाम की तिनं रुमाल कागदाखाली अंथरला. पेपर वाटला गेला. तिनं डोळे मिटले, गावच्या देवीचं नाव घेतलं आणि डोळे उघडले.

पहिली ओळ छत्र्यांची होती.

तिला वाटलं, आपण ओरडलो की काय. पण वर्गात पंख्याची घरघर तेवढी होती. इतक्या परक्या ठिकाणी, इतक्या सगळ्या अनोळखी माणसांत, तो टक्कलवाला दुकानदार नि मिशीवाला कारखानदार तिला घ्यायला आले होते. माहेरचं माणूस स्टँडवर उभं दिसावं तसं तिला झालं. तिनं पेन उचललं. पहिल्याचं उत्तर, दुसऱ्याचं उत्तर, तिसऱ्याचं. हात थांबेना. मनात झोपाळा झुलत होता आणि कागदावर अक्षरं टपोरी, सुबक उतरत होती. एक खाडाखोड नाही. पलीकडच्या रांगेत विमल पेनाचं टोपण चावत, कपाळाला आठ्या घालून पेपर वाचत बसलेली दिसली तेव्हा सगुणाला तिची दया आली. दुसरा उतारा नवखा होता, तो तिनं जमेल तसा लिहिला. पण त्याची फिकीर कुणाला होती? छत्र्यांचा मोठा, त्याच्यावरच सगळं होतं.

बाहेर पडली तेव्हा तिनं शाळेच्या फाटकापाशी दोन उसाचे रस मागवले. विमलची वाट बघत ती उभी राहिली. घशाखालून गार रस उतरत होता आणि ती मनात खोलीची मांडामांड करत होती. जनीला बालवाडीतून काढून पहिलीत इथंच घालायची. मोरीच्या वरती फळी ठोकून घ्यायची.

विमल आली ती घामानं निथळत.

"गेला गो माझा पेपर. मना तर काय आठवलाच नाय ओगल्यांचा. प्रश्न वाचून वाचून आपल्या मनाचं लिवलं. त्यो दुकानदार पैसं कमी करतात तरी नको का बोलतो, त्याचं काय लिवलंस तू?"

सगुणाच्या हातातला ग्लास ओठांपर्यंत जाऊन थांबला.

"ते कुठं होतं?"

"पयलाच प्रश्न ना! आणि त्यो शेवटचा. तुम्ही त्याच्या जागी असता तर त्या छत्र्यांचं काय केलं असतं. मी लिवलं, विकल्या असत्या भंगारात. चालंल का गो?"

सगुणानं पर्समधून पेपर काढला. उन्हात पांढरा कागद डोळ्यांवर आला म्हणून तिनं तो पदराच्या सावलीत धरला. प्रश्न तिथंच होते, उताऱ्याच्या खाली, ठळक अक्षरात. एकही ओळखीचा नव्हता. बोर्डानं उतारा तोच ठेवला होता आणि प्रश्न सगळे बदलले होते. तिनं ते आता एकेक करून वाचले, सावकाश, आणि एकेक वाचताना तिच्या लक्षात येत गेलं की हे आपल्याला येत होतं. दुकानदार नको का म्हणाला ते येत होतं. शेवटच्या पत्राचा सूर रागाचा की दुःखाचा, ते येत होतं. इंग्रजी मोडकंतोडकं झालं असतं, पण खोबरेलाचा बोळासुद्धा तिनं कसातरी लिहिला असता. त्याऐवजी कुणीही न विचारलेलं ती पानभर लिहून आली होती, सुंदर अक्षरात.

"काय झाला?" विमल म्हणाली. "सगुणा? अगो, बोल ना."

"काही नाही. रस घे. बर्फ वितळतोय."

ओगले सरांकडे ती दुसऱ्या दिवशी गेली. भांडायला नव्हे, सांगायला तरी हवं, म्हणून. सरांनी चष्मा पुसून पेपर वाचला, पुन्हा चष्मा पुसला, पुन्हा वाचला. झोपाळा थांबलेलाच होता.

"प्रश्न बदलले," ते म्हणाले. "उतारा तोच, आणि प्रश्न... असं कधी करत नाहीत हो ते. कधीच केलं नाही." त्यांचा आवाज एकाएकी म्हातारा झाला. "मीसुद्धा असाच पास झालो होतो, बाई. माझ्या हाताखालून इतकी पोरं गेली."

"तुमचं काय चुकलं, सर? वाचायला मला हवं होतं."

"पुढच्या खेपेला बसा. मी फी घेणार नाही."

"हो, बसेन की," सगुणा म्हणाली. पुढच्या खेपेपर्यंत ऑफिस थांबणार नव्हतं, हे तिनं त्यांना सांगितलं नाही. आतून सरांच्या सुनेनं चहा आणला. सगुणानं तो सगळा प्यायला, कप विसळून ठेवला. निघताना तिनं सरांना वाकून नमस्कार केला, तेव्हा सरांनी पाय मागे घेतले.

निकाल श्रावणात आला. विमल काठावर पास झाली होती. साहेबांनी सगुणाला आत बोलावलं, तिचं टायपिंग किती छान आहे ते सांगितलं, आणि कुठं ओळखीत जागा निघाली तर नक्की कळवीन म्हणाले. शेवटच्या दिवशी तिनं मशीन पुसलं, रिबन नवी घातली, कव्हर चढवलं. विमल दिवसभर तिच्या टेबलाकडे फिरकली नव्हती. सुटताना फाटकापाशी मात्र ती आडवी आली. हातात डबा होता.

"कोलंबी हाय. खाडीची, आजची. आयेनं केलीय." ती रडवेली झाली होती. "घे ना गो. नाय बोलू नको."

"नाही कशाला म्हणेन? जनीला आवडते." सगुणानं डबा घेतला. "आणि हे बघ, फॅक्स अडकला की डावीकडून ओढ. उजवीकडून ओढलास तर कागद फाटतो. साहेब ओरडतात."

"तू असं नको ना करू," विमल म्हणाली आणि भर नाक्यावर, ट्रकांच्या धुरात, तिच्या गळ्यात पडून रडली. सगुणानं तिला थोपटलं. तिला स्वतःला रडू आलं नाही. जनीला उतारा म्हणत थोपटायची, त्याच तालात आपला हात पडतोय, एवढं तिला जाणवलं आणि तिनं तो बाजूला घेतला.

 संध्याकाळी सहदेव स्वतःहून भाजी घेऊन आला, निवडूनही दिली. कोलंबीतली मोठी मोठी बघून त्यानं तिच्या पानात वाढली. रात्रीची भांडी घासता घासता तिनंच विषय काढला. "गणपतीच्या गाडीची तिकिटं काढलीत?"

"काढलीत."

"जनीचं परतीचं?"

सहदेव दाराशी उभा होता. त्यानं चौकटीवरचा रंगाचा एक पोपडा नखानं उचकटला, आणि नुसती नकाराची मान हलवली.

निघायच्या आधीच्या दिवशी दुपारी सगुणा शाळेचा फ्रॉक शिवत बसली होती. गावच्या शाळेचा रंग निळा, असं सासूबाईंनी कळवलं होतं. कापड तिनं बाजारपेठेतून आणलं, स्वतःच बेतलं. हातशिलाई बारीक यावी म्हणून दाराच्या उजेडात बसली होती. खोलीत आता फारसं काही उरलं नव्हतं. पिंप भावाकडे गेलं होतं, कॉट विकली होती. बोललेलं रिकाम्या भिंतींवर आपटून परत येत होतं. जनी पत्र्याच्या ट्रंकेवर पाय हलवत बसून आईची सुई वरखाली होताना बघत होती.

"उभी राहा बघू. लावून बघते."

जनी उभी राहिली. सगुणानं फ्रॉक तिच्या खांद्यांना लावला, कमरेला चिमटीत धरला. खाली वाकून तिनं घेराची कड आत दुमडली. बोटभर दुमडली, मग ती पुरेशी वाटेना म्हणून चार बोटं. थोडं थांबून आणखी एक घडी आत घातली. कड जाड झाली, लोंबू लागली. तरी तिनं टाचण्या टोचल्या. एक, दुसरी, तिसरी.

जनी मान वाकवून बघत होती. तिनं ती जाड कड हातात घेतली आणि आतली घडी बोटांनी चाचपली.

"आई, एवढं कापड आत कशाला?"

"तू उंच होशील ना, मग उसवायचं. म्हणजे फ्रॉक तोच पुरतो. आजीला येतं उसवायला."

टाचण्या अजून न टोचलेल्या बाजूनं जनीनं एक घडी उलगडली. मग तिच्याखालची दुसरी. निळं कापड गुडघ्यांवरून घसरत पोटऱ्यांपर्यंत आलं, घोट्यांना लागलं. तिनं ते खाली वाकून नीट पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"हे सगळं संपेपर्यंत मी तिथंच राहायचं?"

सगुणाच्या ओठांत टाचणी धरलेली होती. ती तिनं काढली नाही.